काळुरामाच्या घरचं बाळंतपण

"अंडी उबवायची? त्यात काय आहे, हुजूर! आमच्या घरच्या कोंबड्या नुसतं माझं तोंड बघून खुडूक होतात!"

काळुराम हे ठाण्याच्या कचेरीत, खुद्द साहेबासमोर बोलला, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी बोललो. ही त्याची जुनी खोड. इतर माणसांचे शब्द डोक्यातून निघून तोंडात येतात. काळुरामाचे आधी तोंडातून निघत आणि मग सवडीनं डोक्यात शिरत.

काळुराम माजिवड्याचा. बापजाद्यांची भातशेती, खाडीकाठी मिठागर. पण या गड्याच्या पायाला मिठागराचं पाणी लागलं की त्याला शिंका यायच्या. म्हणून तो कचेरीत पट्टेवाला होऊन चिकटला. डोक्यावर लाल पागोटं, खांद्यावरून आडवा पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला! तो बिल्ला तो एवढा घासायचा की गल्लीतल्या बायका त्याला थांबवून त्यात बघून कुंकू नीट करायच्या. ठाण्यात आगगाडी येऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. लोक तिला सरावले होते. काळुरामाच्या ऐटीला मात्र अजून कुणी सरावलं नव्हतं.

तर झालं होतं असं. साहेबाच्या मडमेला मुंबईच्या कुणा दोस्तानं विलायती कोंबडीची बारा अंडी पाठवली होती. तांबूस, टपोरी, पेटीत कोंड्यामध्ये एकेक वेगळं निजवलेलं. बंगल्यावर कोंबड्या होत्या सात. पण अंड्यांवर ठाण मांडून बसायच्या तयारीची, म्हणजे खुडूक झालेली, त्यांत एकही नाही. साहेब पेटी घेऊन कचेरीत आला आणि त्यानं विचारलं, "किसके घर में मुर्गी बैठती है?"

महिपत नावाचा दुसरा पट्टेवाला होता. मूळचा देशावरचा, राहायला नौपाड्यात, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा. त्यानं तोंड उघडलं, "हुजूर, माझ्या..." आणि तेवढ्यात काळुरामानं वरचं वाक्य ठोकलं. ठोकणारच! चैत्र संपला की म्हातारे जमादार घरी बसणार होते. पट्टेवाल्यांचा पुढचा जमादार यांच्यापैकीच एक होणार, हे भिंतीवरच्या पालीलाही माहीत होतं. साहेब मान हलवत म्हणाला, "अच्छा काळुराम, पिल्ला निकला तो हम याद रक्खेगा."

काळुराम पेटी छातीशी धरून माजिवड्याला निघाला. बारशाला बाळ नेतात तसा!

त्याची बायको तुळसा अंगणात भात पाखडत होती. तिनं पेटीत डोकावून पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"अवं, कोंबडीची पुढली बाजू कंची अन् मागली कंची, येवढं तरी ठावं हाय का तुमाला?"

"तुळसे, जमादारीचा सवाल आहे!"

"मंग सायबाला सांगा, बस म्हणावं वर. जमादार तू व्हय, नायतर कोंबडी व्हय."

पण तुळसाचं बोलणं वालासारखं. वरून कडू, आत गोड. तिची कवडी नावाची कोंबडी नेमकी खुडूक झाली होती. ठिपक्याठिपक्यांची, तापट, फुगून टोपलीएवढी झालेली. तुळसानं पेंढा घालून टोपली मांडली, विलायती अंडी तिच्यात ठेवली आणि कवडीला वर बसवलं. कवडीनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं. रंग तांबूस की पांढरा, विलायत की माजिवडा, तिनं काही चौकशी केली नाही. मग तुळसानं भिंतीवर कोळशानं एकवीस रेघा मारल्या. रोज एक पुसायची. रेघा संपल्या की पिल्लं!

तेरा रेघा पुसून झाल्या आणि कल्याणहून तुळसाच्या भावाचा, तानाजीचा, निरोप आला. मुलाच्या लग्नाची तारीख धरली होती, बहीण आठ दिवस आधी हवी होती. तुळसा निघाली. दारात उभी राहून तिनं नवऱ्याला सगळं तीनतीनदा सांगितलं.

"दाणा-पाणी टोपलीजवळ ठेवा. तिला हात लावू नका. अंड्यांना हात लावू नका. पिल्लू बाहेर यायला लागलं तरी कवच सोलू नका, ज्याचं त्याला फोडू दे. तुमी फकस्त रोज एक रेघ पुसा. येवढं जमंल?"

"अगं, मी कचेरी चालवतो!"

"कचेरी चालंल तशी चालती. ही कोंबडी हाय," असं म्हणून तुळसा खाडीवर होडी गाठायला गेली.

चार दिवस काळुरामानं रेघ पुसण्याचं काम चोख बजावलं. रेघ पुसायची, बिल्ला घासायचा, कचेरीत जायचं आणि महिपतकडे बघून उगीचच हसायचं! पाचव्या दिवशी तो कामावर निघायच्या बेतात होता, तर महिपतच दारात.

"मडमबाई येणार आहेत," महिपत म्हणाला. "पिल्लं निघतील त्या दिवशी. बघायला."

"इथं? माझ्या घरी?"

"हो." महिपतचे त्या सकाळचे शब्द संपले.

काळुरामाचं काळीज पितळी बिल्ल्यामागे धडधडायला लागलं. मडम! त्याच्या झोपडीत! त्यानं झाडू घेतला, अंगण झाडलं, सारवलं, दाराला आंब्याचा डहाळा खोचला. मग त्याची नजर कवडीवर गेली, आणि तो हबकला. अठरा दिवस एका जागी बसलेली कोंबडी ती! पिसं विस्कटलेली, पोटाखाली पेंढा चिकटलेला, डोळे तारवटलेले, आणि वास तर असा की मडमेचा अत्तराचा रुमाल जागेवर सुकला असता. साहेबाची अंडी, आणि वर ही अशी अवतार करून बसलेली! कचेरीत पट्टेवाल्याच्या पागोट्याला डाग दिसला तरी जमादार ओरडतो!

बंगल्यावरून मिळालेला विलायती साबणाचा तुकडा काळुरामानं सणासाठी जपून ठेवला होता. तो त्यानं काढला. घंगाळ्यात गार पाणी ओतलं. चैत्राचा उन्हाळा, कोंबडीलाही हुशारी वाटेल, असा त्याचा विचार. मग कवडीला दोन्ही पंखांनी धरून त्यानं मानेपर्यंत बुडवली. एकदा नाही, तीनदा! साबण लावला, चोळली, परत बुडवली. कवडी असं काही ओरडली की शेजारचं कुत्रं शेपूट घालून वेशीबाहेर गेलं.

आता ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत ते इथं कपाळावर हात मारतील. माजिवड्यातलं तीन वर्षांचं पोरही सांगेल: कोंबडीची खुडूक मोडायची असेल, तिला अंड्यांवरून कायमची उठवायची असेल, तर तिला गार पाण्यात बुचकळतात! दुसरा उपाय नाही, आणि याच्याएवढा रामबाण उपायही नाही. काळुरामानं तर वर साबणही लावला होता!

कवडी उन्हात उभी राहिली. तिनं अंग झाडलं. पिसं अशी चमकायला लागली की काळुराम खूश! मग तिनं टोपलीकडे पाहिलं. वाटेत कुणाचं तरी गाठोडं पडलेलं दिसावं, तसं पाहिलं. आणि ठुमकत, मान उडवत ती थेट उकिरड्यावर गेली. तिथं आवडाबाईचा कोंबडा उभाच होता.

"कवडे! अगं ए! ड्यूटी!"

काळुरामानं तिला उचलून आणली, टोपलीत बसवली. ती उठली. परत बसवली. तिनं त्याच्या अंगठ्याला टोच मारली आणि उठली. वर दुसरी टोपली पालथी घातली, तर आत एवढा थयथयाट झाला की अंडी वाचवायला त्यालाच घाईनं टोपली उचलावी लागली. भिंतीवर तीन रेघा शिल्लक होत्या, टोपलीत बारा अंडी, आणि वर बसायला कुणी नाही!

काळुराम टोपलीशी बसला. एक अंडं उचलून त्यानं पापणीला लावलं. अजून ऊब होती. पण किती वेळ राहणार? कुणाला विचारावं? गावात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ठाण्यात पोचणार, आणि ठाण्यात महिपत बसलेला! छे! कुणाला कळता कामा नये. कोंबडी करते ते माणसाला का करता येऊ नये? कोंबडी काही शिकून आलेली नसते!

त्यानं ठाण्याकडे निघालेल्या एका पोराकडून कचेरीत निरोप धाडला, "घरी अडचण आहे, तीन दिवस रजा पाहिजे." मग भाताचं तूस कढईत परतून कोमट केलं, टोपलीत थर दिला, वर अंडी मांडली. पण टोपलीशेजारी अखंड ऊब हवी. घरात शेगडी एकच. तो शेजारी आवडाबाईच्या दारात गेला.

आवडाबाई म्हणजे माजिवड्याचं तारायंत्र. फरक एवढाच की तारेत शब्द कमी करतात आणि आवडाबाई वाढवायची.

"आवडावयनी, तुमची शेगडी द्याल का? अन् जुनं मऊ लुगडं असलं तर एखादं."

"शेगडी? या उन्हाल्यात?" आवडाबाईच्या भुवया वर गेल्या. "थंडी कोनाला वाजतंय?"

"नाय, म्हणजे... आत आहे जरा. शेकायला पाहिजे. वारा लागून चालायचं नाही."

"कोन हाय आत?"

"आहे नाजूक," काळुराम म्हणाला आणि शेगडी घेऊन पळाला.

आवडाबाई दारातच उभी राहिली. तुळसा गेली कल्याणला. घरात नवरा एकटा. आणि आत नाजूक! तिला शेकायची, तिला वारा नको, तिला मऊ लुगडं! आवडाबाईची तीन बाळंतपणं झाली होती. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काळुरामानं दार लावलं, खिडकीला गोधडी टांगली. दोन दिवस तो बाहेर पडला तो फक्त पाण्याला आणि निखाऱ्यांना. डोळे लाल, दाढी वाढलेली, पागोट्याचा पत्ता नाही. दर घटकेला अंडी पापणीला लावून बघायची, गार वाटलं की तूस बदलायचं, तापलं की लुगड्यानं वारा घालायचा. आणि गंमत अशी, की करता करता त्याला त्या बारांचा लळा लागला. जमादारी मागे राहिली. तो त्यांच्याशी बोलायलाच लागला.

आणि आवडाबाई कुडाला कान लावून ऐकायला लागली.

"घाबरू नको हां, राणी," आतून काळुराम म्हणत होता. "दोन दिवस कळ काढ. मी हाय ना! तुळसा यायच्या आत सगळं नीट होतंय बघ."

आवडाबाईनं पदर तोंडात कोंबला. त्याच दिवशी दुपारी गावातला एक जण मीठ घेऊन होडीनं कल्याणला निघाला होता. आवडाबाईनं त्याला खाडीवर गाठला.

"तुलसाला सांग," ती म्हणाली, "लगीन-बिगीन ठेव म्हनावं बाजूला. घरात सवत आलीया, अन् ती पन भरल्या दिवसांची!"

शेवटची रेघ उरली त्या सकाळी टोपलीतून चिवचिव ऐकू आली! काळुराम गुडघ्यांवर बसला. एका अंड्यावर बारीक तडा गेला. मग चोचीएवढं भोक पडलं. मग ते भोक गोल फिरत फिरत वाढलं, आणि एक ओलं, केविलवाणं, नाटकात राक्षसाचं काम करणाऱ्यासारखं दिसणारं पिल्लू तुसावर येऊन पडलं. काळुरामाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "आला रे आला! माझा वाघ आला!" दुपारपर्यंत आठ निघाली. तीन अंडी मुकी राहिली, त्यांत काही नव्हतंच. पण बारावं...

बारावं सगळ्यांत मोठं. त्याला सकाळीच भोक पडलं होतं आणि तेवढंच राहिलं होतं. आतून चोच दिसत होती, बारीक चिवचिव येत होती, पण पुढे काही सरकेना. बाकीची आठ सुकून पिवळीधमक झाली, त्याच्या मांडीवर चढायला लागली, तरी हे तसंच! चिवचिवही क्षीण व्हायला लागली. तुळसाचं सांगणं विसरून काळुरामानं नखानं टवका काढला. आतला पांढरा पापुद्रा कागदासारखा कोरडा होऊन पिल्लाला चिकटला होता. त्यानं तो जरा ओढला, आणि पापुद्र्यावर रक्ताचा थेंब आला.

मिठागरावरच्या मारामाऱ्या डोळ्यांनी पाहिलेला काळुराम त्या मोहरीएवढ्या थेंबानं गळाठला. त्याला पिल्लू मारायचं नव्हतं हो! दार उघडून तो बाहेर धावला, आणि समोर आवडाबाई असणारच, ती होतीच.

"वयनी! ठमामावशीला बोलवा! लवकर!"

ठमाबाई म्हणजे गावची सुईण. निम्मा माजिवडा तिच्या हातांवर जन्मलेला. कोंबड्या, शेळ्या, म्हशी, सगळ्यांचंच ती करायची, म्हणून काळुरामाला तिची आठवण झाली. पण हे आवडाबाईला कुणी सांगायचं?

"काय झालं?"

"अडलीय! सकाळपासून अडलीय! डोकं दिसतंय पण बाहेर येत नाय! अन् रक्त..." तो आत पळाला.

आवडाबाईनं जी आरोळी ठोकली ती खाडीपलीकडे कोळ्यांनी ऐकली असेल. पाच मिनिटांत अंगणात अर्धं गाव! म्हाताऱ्यांनी पुरुषांना मागे हटवलं. कुणी पाणी तापवायला ठेवलं, कुणी देवीला नारळ बोलली. आणि गर्दीतून वाट काढत, काखेत गाठोडं मारून, सत्तरीची ठमाबाई आली.

"मागं व्हा समदे! बाईमानसाची अब्रू हाय का नाय!" म्हणत ती आत शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

आत काळोख. शेगडी धगधगतेय. कोपऱ्यात काळुराम घामानं निथळतोय.

"कुठं हाय ती?"

"ही बघ मावशी. टोपलीत."

"टोपलीत?" ठमाबाई वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग सावकाश ताठ झाली. "काल्या. मुडद्या. मी जेवन टाकून आले. वाटंवर दोन बाया रडत व्हत्या. पोलीस पाटील सवता मना हात देऊन ओढ्यापार घेऊन आला. अंड्यासाठी?"

"मावशी, ते मरंल गं!"

त्याच्या आवाजात असं काही होतं की ठमाबाईनं उगारलेला हात खाली घेतला. तिनं अंडं उचलून कानाला लावलं. चेहरा बदलला. पन्नास वर्षांचा धंदा तो. अडलेलं अडलेलंच, मग ते बाईचं असो की कोंबडीचं!

"सुकवलंस रं त्याला. शेगडी कशापाई ही? कोंबडीच्या पोटाला ओल असतंय, निस्ती ऊब नसतंय. पापुद्रा वाळून आवळला, हलंल कसं ते? कोमट पानी दे. कढत नको, कोमट! अन् तेलाचं बोट."

बाहेर गाव कुडाला कान लावून उभं. आतून ठमाबाईचा आवाज येत होता, आणि आवडाबाई तो मागच्यांना पोचवत होती.

"थांब! ओढू नको! रगत दिसलं की थांबायचं, वाट बगायची!"

"रगत म्हनतंय," आवडाबाई मागे वळून म्हणाली. बायांनी हात जोडले.

"आता भिजलं जरा. जोर लाव, बाय माझी! तुजं तूच लाव! थकली गं बिचारी. असू दे, दम खा."

"दम खातंय."

नेमका तेव्हाच खाडीच्या अंगानं गलका झाला. गर्दी आपोआप फाटली. पुढे तुळसा, लग्नघरची हळद अजून हातांवर, केस सुटलेले. मागे तिचा भाऊ तानाजी. तो होडीतून उतरून तडक निघाला होता, म्हणून हातात वल्हं तसंच!

"कुठं हाय ती?" तुळसा म्हणाली. आवाज हळू होता. म्हणूनच सगळे घाबरले.

"बाय, आता नको," एक म्हातारी पुढे आली. "अडलेल्या बाईला शाप देऊ नये. एकदा मोकळी होऊ दे, मंग काय करायचं ते कर."

तुळसा थांबली. दारासमोर मातीतच ठाण मांडून बसली. सोळा वर्षांचा संसार! आणि तानाजी वल्हं या हातातून त्या हातात घेत उभा राहिला.

एवढं कमी होतं म्हणून की काय, टांगा आला! आत पांढरी छत्री घेतलेली मडम, मागे उभा महिपत. एवढी माणसं बघून मडमेला वाटलं, माझ्यासाठीच जमलीत. ती हसत उतरली.

"महिपट, क्या होटा है?"

महिपतनं आवडाबाईला विचारलं. आवडाबाईनं सांगितलं. महिपत कानांपर्यंत तांबडा झाला. आता हे मडमेला कसं सांगायचं?

"मेमसाब... काळुराम के घर में... बच्चा होता है."

"ओ! बहुट अच्छा!" मडमेनं टाळी वाजवली. "किटना हुआ?"

"किती...? एक होगा, मेमसाब."

"एक?" मडमेचं तोंड पडलं. "खाली एक? नो, नो! हमको बारा मंगटा! साहब बोला, काळुराम बारा डेगा!"

अंगणातल्या बायांनी बोटांवर मोजून पाहिलं. बारा! आणि साहेबाला माहीत! तानाजीच्या हातातलं वल्हं गळून त्याच्याच पायावर पडलं.

आणि तेवढ्यात आतून ठमाबाई ओरडली, "आलं! डोकं आलं! मान आली! शाब्बास गं माजी वाघीन!" आणि पाठोपाठ काळुराम हुंदके देऊन रडायला लागला.

तुळसाला राहवेना. ती उठली आणि तिनं दाराला अशी लाथ मारली की कडी निघून चुलीत पडली.

आत उजेड शिरला. ठमाबाईच्या तळहातावर अंगठ्याएवढं, ओलं, थरथरतं पिल्लू. शेजारी काळुराम मांडी घालून बसलेला. एक पिल्लू खांद्यावर, दोन मांडीवर, एक केसांत, आणि बाकीची धोतराच्या सोग्यात.

"घे, तुलसे," ठमाबाई म्हणाली. "तुजी सवत. मोकली झाली."

तुळसानं पिल्लाकडे पाहिलं. खोलीच्या चारी कोपऱ्यांत पाहिलं. माळ्यावर पाहिलं. मग तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला आणि तिनं एकच प्रश्न विचारला.

"कवडी कुठं हाय?"

काळुरामानं दाराबाहेर बोट दाखवलं. दारातून उकिरडा दिसत होता. त्यावर कवडी, स्वच्छ, चकचकीत, साबणाचा वास अंगणभर दरवळवत, माती उकरत होती.

"तुमी... खुडूक कोंबडीला... आंघोल घातली?"

"मडम येणार होती म्हणून..."

पहिल्यांदा आवडाबाई हसली. मग म्हातारी हसली. मग अख्खा माजिवडा असा हसला की टांग्याचा घोडा बिथरला. सवत निघाली असती तर गाव चार दिवस बोललं असतं. खुडूक कोंबडीला साबण लावणारा गडी गावाला सात पिढ्या पुरणार होता! तानाजी पाय चोळत एका पायावर नाचत हसत होता. तुळसा दारात उभी राहून डोळे पुसत म्हणाली, "अवं, बाई आणली असती तर एकडाव माफ केलं असतं. पन आंघोल!"

आणि मग ती खाली बसली, नवव्या पिल्लाला लुगड्याच्या पदरात गुंडाळून तिनं पोटाशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या केसांतलं पिल्लू सोडवलं. "दोन दिस काय खाल्लंत?" तिनं हळूच विचारलं. काळुरामानं काहीच खाल्लं नव्हतं.

मडमेला मात्र कुणी काही समजावलं नाही, आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती नऊ पिल्लं बघून हरखून गेली. ती पेटीत भरून टांग्यात ठेवली तेव्हा काळुरामानं शेवटच्या पिल्लाचा निरोप घेताना असं तोंड केलं की ठमाबाईनं त्याला दटावलं, "पुरं झालं! लेक सासरी नाय चालली!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबाचं बोलावणं आलं. ताबडतोब! काळुरामानं दाढी केली, पागोटं बांधलं, बिल्ला तीनदा घासला. तुळसानं त्याच्या हातावर दही ठेवलं. आज जमादारीचा निकाल!

दिवसभर तुळसानं वाट पाहिली. गोडाचं म्हणून नारळीभात केला. संध्याकाळी काळुराम आला. पागोटं जागेवर होतं, पट्टा होता, पण धोतरावर जागोजाग पांढरे डाग होते. तो ओट्यावर बसला आणि तुळसानं दिलेलं पाणी एका दमात प्यायला.

"काय झालं?" तुळसानं विचारलं. "जमादार कोण?"

"महिपत."

तुळसानं रिकामा तांब्या खाली ठेवला. मग नवऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "जाऊ द्या. पुढल्या खेपेला तुमी."

"तसं नाय," काळुराम घाईनं म्हणाला. "मला पण बढती दिलीय. बंगल्यावर. साहेब स्वतः म्हणाला, काळुराम, तुझ्याबिगर इथं कुणी दाणापाणी घेत नाय. रात्रभर नुसता आरडाओरडा चाललेला. मी फाटकातून आत शिरलो मात्र, सगळे धावत आले, पायाशी गोळा झाले! आता कायम तिथंच."

"अगं बाई! म्हंजी हाताखाली माणसं दिली?"

"दिली की."

"किती?"

"नऊ."

"नऊ!" तुळसाचे डोळे मोठे झाले. "महिपतला तरी चारच असतील! अन् आयकतात का तुमचं?"

काळुरामानं धोतरावरचा एक डाग नखानं खरवडला.

"आयकतील," तो म्हणाला. "अजून लहान आहेत."